देवीच्या विषाणूचे सोंग

उचगावातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या दंडावर देवी टोचल्याचे वाटोळे व्रण अद्याप दिसतात. ती लस फार दुरून आली नसावी. बेळगावचा व्हॅक्सिन डेपो आज मैदान आणि गर्द झाडी यांसाठीच ओळखला जातो. पण तेथे एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवीत. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकविलेली लस पुरविणाऱ्या भारतातील चार संस्थांपैकी एक बेळगावची. उरलेल्या पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद येथील.

या लशीतील विषाणू देवीच्या विषाणूचा चुलतभाऊच. मग एकाने दंडावर फोड आणून थांबावे आणि दुसऱ्याने दहांतील तीन रोगी न्यावेत, हे कसे?

आपल्या रक्तात ‘पूरक’ नावाची प्रथिने सदैव गस्त घालीत असतात. परका जंतू दिसताच ती त्याला चिकटून खूण करतात आणि मग त्याचा नाश होतो. स्वतःच्या पेशींवर चुकून अशी खूण पडलीच, तर ती पुसणारी प्रथिनेही शरीराने जवळ बाळगली आहेत. देवीचा विषाणू नेमके याच पुसणाऱ्या प्रथिनांचे सोंग घेतो! लशीच्या विषाणूजवळही तसले प्रथिन आहे. सुमारे अडीचशे अमिनो आम्लांच्या त्या साखळीत दोघांचा फरक अवघ्या अकरांचा. परंतु मानवी रक्तातील ती खूण निकामी करण्यात देवीचे प्रथिन जवळजवळ शंभरपट प्रभावी, असे अमेरिकेतील संशोधकांना २००२ साली आढळले. त्या अकरांपैकी निर्णायक कोणती, याचा छडा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात अरविंद साहू व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. अर्थात देवीचा सारा जहालपणा या एकाच प्रथिनात होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पेशींचे धोक्याचे निरोप अडविणारी इतर शस्त्रेही त्या विषाणूजवळ होती.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. टोचणी थांबली. आज चाळिशीच्या आतील कोणाच्या दंडावर तो व्रण नाही, आणि त्यामागचे संरक्षणही नाही. याच कुळातील एमपॉक्सचा भारतातील पहिला रुग्ण २०२२ साली केरळात आढळला. या विषाणूच्या मध्य आफ्रिकेतील जुन्या शाखेजवळ त्या सोंगाड्या प्रथिनाची तोकडी आवृत्ती आहे. पश्चिम आफ्रिकेतील शाखेजवळ ती नाही. दोहोंत अधिक घातक आहे ती पहिली.