पुनर्जन्म, पुनरुत्थान आणि आपले कर्तव्य

अर्धापूरच्या शिवारात केळीचा घड उतरविला म्हणजे त्या खोडाचे काम संपते. परंतु जमिनीतील कंद जिवंत असतो. त्यातून फुटलेल्या मुनव्यांपैकी एखादा जोमदार राखून बागाईतदार खोडव्याचे पीक घेतो. जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो, हे समजण्यास आमच्या इकडील लोकांस याहून जवळचा दृष्टांत नको. ख्रिस्ती धर्माचा दृष्टांत निराळा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात पेरलेल्या दाण्याची उपमा घेतली आहे: दाणा मातीत मरतो, आणि ईश्वर त्यास नवे शरीर देतो. मनुष्याचा जन्म एक, मृत्यू एक, तदनंतर न्याय, व अंती सदेह उत्थान, हा त्या मताचा सारांश होय. या दोन मतांचा वाद महाराष्ट्रास नवा नाही. आणि तो निव्वळ परलोकापुरता आहे, असेही आम्ही समजत नाही.

प्रथम त्या मताविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म मान्य होता, व 553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने तो काढून टाकिला, असे आमच्यातील कित्येक सुशिक्षित सांगत असतात. थिऑसॉफिकल सोसायटीने 1879 साली मुंबईस ठाणे दिल्यापासून अशा समजुतीस आमच्याकडे विशेष उत्तेजन मिळाले. वस्तुस्थिती अशी की, तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडिताच्या नावावर मोडणारे, आत्मा देहापूर्वीच अस्तित्वात होता असे मत, त्या काळी निषिद्ध ठरले. पूर्वास्तित्व आणि पुनर्जन्म या दोन गोष्टी एक नव्हेत; आणि आत्मा देहांतरे करीत फिरतो, ही कल्पना तर खुद्द ओरिजेननेच मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात नाकारिली आहे. मृत्यूनंतरच्या अवस्थेविषयी त्या धर्मातही मतभेद आहेतच. रोमन कॅथॉलिक शुद्धिस्थान मानतात व 2 नोव्हेंबरास मृतांसाठी प्रार्थना करितात; प्रॉटेस्टंटांस ते शुद्धिस्थान मान्य नाही. पुनर्जन्म मात्र दोघांसही अमान्य आहे.

आता आपल्याकडील इतिहास पाहू. 1616 साली गोमांतकात रायतूर येथे छापलेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सने ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली. 1831 साली मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा मुंबईस जाहीर वाद झाला. 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी तेथेच समुद्रतीरी मिशनऱ्यांशी सभा गाजविल्या. काशीचे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे 1848 साली ख्रिस्ती झाले व त्यांनी 1860 साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून अनादि कर्माच्या कल्पनेचा शास्त्रार्थाच्याच रीतीने समाचार घेतला. हे वाद शिव्यांनी नव्हे तर प्रमाणांनी लढले गेले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पक्षांची बाजू कोठे बळकट व कोठे लंगडी आहे, हे सहज दिसते. ज्या अपराधाची आरोपीस आठवण नाही, ज्याचे आरोपपत्र कोणी त्यास वाचून दाखविले नाही, त्याबद्दल शिक्षा देणारे न्यायालय कोणते? हा पुनर्जन्मवाद्यांस प्रश्न. उलट, चार दिवस जगून मेलेल्या अर्भकास एकच जन्म, आणि साठ-सत्तर वर्षांच्या चुकीस अनंतकाळ नरक, ही शिक्षा अपराधास प्रमाणशीर कशी? हा ख्रिस्ती पंडितांस प्रश्न. दोघांचीही उत्तरे आम्ही वाचली आहेत. त्यांनी श्रद्धावंताचे समाधान होते. प्रतिपक्षाचे होत नाही. म्हणून या दाव्याचा निकाल देण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही.

परंतु मताचा उपयोग लोक कसा करितात, याचा निकाल देण्यास परलोकी जावे लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांधाची गोष्ट आहे. शिष्य येशूस विचारितात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारितो आणि त्या मनुष्यास दृष्टी देतो. त्या प्रश्नातील चूक ती आमचीच जुनी चूक होय. विधवेचे वैधव्य हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानितात, याबद्दल पंडिता रमाबाईंनी 1887 साली इंग्रजीत जगापुढे फिर्याद मांडिली, आणि 1889 साली मुंबईस शारदा सदन काढून तिचे कृतीने उत्तर दिले. पूर्वकर्माचा सिद्धान्त दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाच्या अंगावरून झटकण्यास सोयीचा पडतो, हे डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली निघालेल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. मराठवाड्यातील ज्या सहस्रावधी कुटुंबांनी 1956 नंतर धम्म स्वीकारिला, त्यांस हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावकुसाबाहेर ते अनुभवले होते.

तथापि ख्रिस्ती बंधूंनीही यावर संतोष मानू नये. ज्यांच्या मते सर्व मृत एकाच न्यायासनापुढे उठणार, त्यांच्याच एका दफनभूमीत, तिरुचिरापल्ली येथे, दलित व इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी आहे! एका जन्माचा सिद्धान्त मानूनही जन्मावरून माणूस तोलावयाचा, यापेक्षा कर्मवाद्याची चूक अधिक कोणती? शिवाय लोकांची मते धर्मशास्त्रांच्या चौकटीत बसत नाहीत. अमेरिकेतील प्यू संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हिंदुस्थानातील निम्म्याहून अधिक ख्रिस्ती कर्मावर विश्वास ठेवणारे आढळले. आणि पुनर्जन्म मानणारे तर हिंदूंतही शेकडा 40 च निघाले. अर्थात शेजाऱ्यांची मते एकमेकांत मिसळली आहेत. स्मशाने मात्र वेगळी राहिली आहेत.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे इतकेच. मेल्यावर मनुष्य केळीच्या कंदाप्रमाणे पुन्हा फुटतो की दाण्याप्रमाणे एकदाच उगवतो, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने ते स्वातंत्र्य सर्वांस दिलेच आहे. परंतु कोणत्या जातीचे प्रेत कोठे न्यावे, ओढ्याच्या काठी पावसात जाळावे की पत्र्याच्या छपराखाली, हा श्रद्धेचा प्रश्न नव्हे. तो ग्रामसभेचा आहे, आणि घटनेच्या 17 व्या कलमाचा आहे. तालुक्यातील ज्या गावी सर्वांस एक स्मशान नाही, तेथील तरुणांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. बागेत करपा पडला म्हणजे बागाईतदार मागल्या खोडाचे पाप शोधीत बसत नाही. तो रोगट पाने कापतो व उरलेली बाग वाचवितो. समाजाच्या रोगापुढे मात्र आपण पूर्वजन्माची पोथी काढून बसतो, हे केवढे आश्चर्य!