कारखाना गाव बदलतो तेव्हा

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर सांगली मागे पडल्यावर किर्लोस्करवाडी स्थानक लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. पुढे कराड, सातारा करीत गाडी लोणंदला पोहोचते. लोणंदहून फलटणच्या रस्त्याला लागले की सुरवडी गावाजवळ कमिन्स या अमेरिकन कंपनीचे विस्तीर्ण कारखाने दिसतात. या दोन ठिकाणांच्या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे. वस्तू कोठे बनवायची हे कोण ठरवतो आणि त्याचे बरेवाईट कोणाच्या वाट्याला येते?

माळावरचा कारखाना

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तेथे बनत. नगरपालिकेला ती जागा नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि कारखाना हलविणे भाग पडले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन ओसाड होती. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य. पण शेजारून लोहमार्ग जात होता. लोखंड आणि कोळसा आणायला, नांगर पाठवायला याहून सोयीची जागा कोणती? १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वस्ती वाढली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मालक कारखान्याजवळच राहत होता. भट्टीचा धूर कामगाराच्या घरावर गेला तर मालकाच्याही घरावर जाई. निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम सोसणारा एकाच गावचे पाणी पीत होते.

समुद्रापलीकडचा निर्णय

आता सुरवडीकडे येऊ. कमिन्स कंपनी १९१९ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोलंबस या गावी स्थापन झाली. डिझेल इंजिने हा तिचा व्यवसाय. १९६२ साली ती पुण्यात आली, ती किर्लोस्करांच्याच भागीदारीत. १९९७ पासून ती भारतात ‘कमिन्स इंडिया’ या नावाने ओळखली जाते. पुढे फलटण तालुक्यात तिची मोठी उद्योगवसाहत झाली. तेथे बनलेली इंजिने परदेशीही जातात.

आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाने मला विचारले, “सर, या कंपन्या येथे येतात ते आपल्या भल्यासाठी, की आपण स्वस्तात राबतो म्हणून?”

प्रश्न रोखठोक आहे. उत्तरही तसेच द्यायला हवे. पाणी जसे उताराकडे वाहते, तसा उद्योग कमी खर्चाकडे वाहतो. मजुरी, जमीन, कर, वाहतूक, कुशल माणसांची उपलब्धता या सर्वांचा हिशेब करूनच कंपनी जागा निवडते. यात आपोआप काही पाप नाही. पूर्वी माण-खटावच्या तरुणाला पोटासाठी मुंबईची गाडी धरावी लागे, आज आय.टी.आय. झालेल्या मुलाला किंवा मुलीला घराजवळ काम मिळत असेल, तर ते मोलाचेच आहे. दोन देशांत राहणीचा खर्च वेगळा, म्हणून वेतनही काहीसे वेगळे असू शकते.

मग अन्याय कोठे सुरू होतो? हे समजण्यासाठी कारखान्यातून थोडे प्रयोगशाळेत जाऊ.

तापमापीचा हिशेब

तुमच्या शाळेत ताप मोजण्याची जुनी पाऱ्याची तापमापी असेल. तिच्यात साधारण एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम पारा असतो. पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू बाष्परूप होतो. ते बाष्प दिसत नाही, त्याला वासही नाही. पण सतत श्वासावाटे शरीरात गेल्यास ते मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांना इजा करते. कामाच्या जागी हवेच्या एका घनमीटरमध्ये ०.०२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा नसावा, अशी एक मर्यादा तज्ज्ञ सांगतात.

तुमचा वर्ग १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे असे धरा. घनफळ २४० घनमीटर. त्यातील हवेत जास्तीत जास्त किती पारा चालेल? २४० × ०.०२५, म्हणजे अवघा ६ मिलिग्रॅम! एका तापमापीतल्या पाऱ्याचा दीडशेवा भागसुद्धा बंद वर्गाला पुरून उरतो. जेथे अशा तापमापी लाखोंनी बनतात, तेथे हवा खेळती ठेवणे किती निकडीचे असेल, याचा विचार करा.

असा एक कारखाना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथे होता. १९८० नंतरच्या काही वर्षांत तो तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे हलविण्यात आला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. मार्च २००१ मध्ये तेथील पारामिश्रित काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला आणि त्याच वर्षी कारखाना बंद झाला. पाराबाधित कचऱ्यापैकी सुमारे २९० टन माल २००३ साली अमेरिकेस परत पाठवावा लागला. कामगारांच्या प्रकृतीला अपाय झाला हा आरोप कंपनीने मान्य केला नाही. मात्र २०१६ साली तिने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

पाऱ्याचा बाष्पदाब वॉटरटाउनला आणि कोडाईकनालला सारख्या तापमानात सारखाच असतो. फुप्फुसेही सारखीच. भाजीचा भाव गावागणिक बदलेल, पण विषाची मात्रा बदलत नाही. म्हणून वेतनात फरक चालू शकेल, सुरक्षिततेत नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा खर्च कंपनीने वाचविला, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त कामगाराच्या अंगावर आणि गावाच्या पाण्यावर जाऊन पडतो.

कायदा आणि साखळी

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ते रसायन थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्यांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक करण्यात आले. मालक शेजारी राहत नसेल, तर त्याच्या चांगुलपणावर विसंबून भागत नाही. तेथे कायदा लागतो आणि प्रश्न विचारणारी माणसे लागतात.

आज तर एकच वस्तू अनेक हातांतून जाते. मोबाइलवर नाव अमेरिकेतल्या ॲपलचे, जोडणी तैवानच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे याच कारखान्यातल्या दीडशेहून अधिक कामगार मुलींना वसतिगृहातल्या अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले. मुलींनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्र्यांतूनही परदेशी यंत्रांसाठी ओतकाम जाते. साच्याच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. यंत्रावर ज्याचे नाव कोरले जाते, त्याची जबाबदारी त्या फाउंड्रीच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे.

शिक्षकांनी मुलांना जवळच्या औद्योगिक वसाहतीत जरूर न्यावे. यंत्रे किती मोठी आहेत एवढेच पाहून परतू नका. धूळ आणि वाफ बाहेर ओढणारे पंखे चालू आहेत का? सांडपाणी कोठे जाते? कंत्राटी कामगारालाही कायम कामगाराइतकीच सुरक्षा-साधने मिळतात का? आणि याच कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यात जी काळजी घेतात, ती येथेही घेतात का? उत्तरे वहीत टिपून घ्या. पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल आणि कोठे तरी दूरच्या गावी कारखाना काढायचा निर्णय त्याला घ्यावा लागेल. तेव्हा ही वही पुन्हा उघडून पाहा.