लांबचं टिपणारा कॅमेरा घेताना

मैत्रिणींनो, शाळेचे क्रीडामहोत्सव संपले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "अहो, मुलगी चढाईला गेली तेव्हाच फोटो काढला. पण त्यात दिसतंय काय? नुसतं मैदान, आणि मधोमध मुंगीएवढी पोर!" मोबाइलवर चित्र बोटांनी मोठं करावं, तर चेहऱ्याच्या जागी रंगांचे ठोकळे. मग कोणीतरी सुचवतं, "लांबच्या झूमचा कॅमेरा घ्या." आपण दुकानात जातो आणि विक्रेता विचारतो, "किती झूमचा दाखवू? साठ पट? त्र्याऐंशी पट?"

साडी घेताना पदर उलगडून, उजेडात नेऊन पाहणाऱ्या आपण! कॅमेरा घेताना मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजून मोकळ्या होतो. महिनोन् महिने बाजूला टाकलेले पैसे असतात ते. तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी दोन गोष्टी घरीच ठरवून घ्या, अंतर आणि उजेड.

आधी अंतर मोजा

'पट' म्हणजे लांबची पोच नव्हे, बरं का! जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत लेन्स किती पटींनी सरकते, एवढंच तो आकडा सांगतो. २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स म्हणजे ८३ पट. म्हणून विचारायचं ते असं: "३५ मिलिमीटरच्या हिशेबाने ही लेन्स कितीपर्यंत जाते?"

आता एक सोपा हिशेब. तुम्ही उभ्या राहता तिथून मूल किती मीटरवर आहे ते पाहा आणि त्या आकड्याला पंधराने गुणा. तेवढे मिलिमीटर असले की उभ्या चित्रात मूल डोक्यापासून पायापर्यंत छान भरून येतं.

महिलांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. कडेला उभं राहिलं तर पलीकडची खेळाडू दहा-बारा मीटरवर, म्हणजे १८० मिलिमीटर पुरे. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, तिथे ४०० च्या आसपास. क्रिकेटला मात्र सीमारेषेपासून फलंदाज साठेक मीटरवर असतो, त्याला ९०० लागतील. ६०० ची लेन्स असली तरी निराश होऊ नका. मूल थोडं लहान येईल, पण कडा कापून चित्र नेटकं करता येतं.

पाहिलंत? २००० मिलिमीटरची गरज आपल्या मुलांच्या खेळांना फारशी पडतच नाही. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यातली काळविटं, झाडावरचे पक्षी, पौर्णिमेचा चंद्र यांचा नाद असेल, तर गोष्ट वेगळी.

मग उजेड पाहा

धावणारं मूल स्पष्ट यायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडावं लागतं. कबड्डी, कुस्तीत तर हजाराव्या भागापुरतं. एवढ्याशा वेळात उजेड आत यायचा कसा? पागोळ्यांचं पाणी धरायला आपण वाटी ठेवत नाही, घंगाळ ठेवतो. तसंच इथे आहे. लेन्सचं तोंड मोठं हवं आणि आत उजेड झेलणारा सेन्सरही मोठा हवा.

लेन्सचं तोंड 'एफ'च्या आकड्यावरून कळतं. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. लांबच्या टोकाला तो किती होतो, हे मुद्दाम विचारा. निकॉनचा कूलपिक्स पी९५० हा २००० मिलिमीटरपर्यंत जातो, पण तिथे त्याचा एफ ६.५ होतो. २०१७ साली आलेला सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा ६०० वरच थांबतो, पण तिथे एफ ४ राखतो. शिवाय त्याचा 'एक इंची' सेन्सर पी९५० च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे चौपट आहे. पॅनासॉनिकचा २०१४ सालचा एफझेड१००० याच जातीचा, ४०० मिलिमीटरपर्यंतचा.

तर मग घ्यायचा कुठला? सामने भर उन्हात होत असतील आणि पाखरांचीही आवड असेल, तर लांब पोचेचा घ्या. पण सामने संध्याकाळी किंवा बंद सभागृहात होत असतील. बारसं, वाढदिवस, देवघरातली आरती, आजीचा पंचाहत्तरीचा औक्षणाचा फोटोही त्याच कॅमेऱ्याने काढायचा असेल, तर मोठ्या सेन्सरचा, कमी झूमचाच बरा. बहुतेक घरांना हा दुसराच उपयोगी पडतो. त्याची किंमत जास्त असते खरी, आणि जुनी मॉडेलं नवी मिळतीलच असंही नाही. पण जो फोटो अंधूकच येणार, त्यासाठी मोजलेले थोडे पैसेही वायाच की!

"यात हात हलला तरी चालतो," असं विक्रेता सांगेल. ते खरं आहे, पण निम्मंच. ती सोय तुमच्या हाताची थरथर सावरते. मुलाची धाव थांबवत नाही.

क्षण निसटू नये म्हणून

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ 'महाराष्ट्र केसरी' झाले. त्या स्पर्धेत गादी विभागाच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याची पाठ पूर्ण टेकली की नाही, यावरून केवढं वादळ उठलं ते तुम्हाला आठवत असेल. हजारो डोळे लागलेले, तरी एकमत नाही! असे क्षण पापणी लवेपर्यंत सरतात. म्हणून बटण आधी अर्धं दाबून नेम धरून ठेवायचा आणि क्षण येताच पूर्ण दाबायचं. एका दाबात सलग पाच-दहा चित्रं घेण्याची सोय असतेच, ती वापरायला शिका.

दुकानात एवढं कराच

१. कॅमेरा स्वतः हातात घ्या आणि पाच मिनिटं डोळ्याशी धरा. पी९५० असो की आरएक्स१०, वजन किलोभर आहे.

२. डोळा लावून पाहायची खिडकी हवीच. उन्हात मागचा पडदा दिसत नाही.

३. दारात उभं राहून रस्त्यावरच्या धावत्या स्कूटरचा पूर्ण झूमवर फोटो घ्या. नेम लागायला वेळ लागला, तर खेळात तो कॅमेरा निरुपयोगी.

४. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला फोटो काढून मोठा करून पाहा.

५. 'डिजिटल झूम'च्या आकड्याला भुलू नका. ते नुसतं कापून ताणलेलं चित्र.

६. मेगापिक्सेलचाही बाऊ नको. चार बाय सहा इंची प्रतीला दोन मेगापिक्सेल पुरतात.

७. जुना घेत असाल तर बॅटरीच्या उजेडात लेन्स पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर हात जोडून परत या. बिल आणि वॉरंटीचा कागद मागायला संकोच नको.

आणि हो, आधी घरचा मोबाइल घेऊन मैदानाच्या अगदी कडेला उभं राहून पाहा. तिथे उभं राहू देत असतील, आणि मोबाइलला लांबची वेगळी लेन्स असेल, तर कदाचित खर्चच वाचेल!

घरी आणल्यावर

आपल्याकडची धूळ म्हणजे काय सांगावं! लेन्स पदराने कधीही पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवा. मैदानावर ऊन पाठीशी घेऊन उभ्या राहा.

शेवटी एक मनातलं सांगते. मुलाच्या सामन्याचे फोटो आपण हौसेने काढतो. मुलीचा खेळ मात्र कितीतरी घरांत दहावी आली की थांबतो, आणि ती खेळत होती याची खूणही उरत नाही. म्हणून तिची चढाई नीट टिपा. चांगलंसं एक चित्र छापून घ्या, मागे तारीख आणि मैदानाचं नाव लिहा, आणि बैठकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावा. तिचा खेळ पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायची वेळ येईल, तेव्हा ते चित्रही चार शब्द बोलेल.