घरचे मैदान

बाद फेरीत हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. दक्षिण अमेरिकेतील ‘कोपा लिबेर्तादोरेस’ या क्लब फुटबॉल स्पर्धेत मात्र अंतिम सामन्यापूर्वीच्या बाद फेऱ्यांत दोन संघ दोनदा भिडतात. एकदा एकाच्या मैदानावर, एकदा दुसऱ्याच्या. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरवतात. म्हणूनच तेथे घरच्या मैदानाला मोठे मोल आहे. बोलिव्हियातील ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पाहुण्या खेळाडूंना लवकर धाप लागते.

आपल्याकडील इंडियन सुपर लीगची २०१५ सालची उपांत्य फेरीही अशीच दुहेरी होती. चेन्नईयिन संघाची गाठ कोलकात्याच्या संघाशी पडली. परंतु डिसेंबरच्या आरंभी अतिवृष्टीने चेन्नईचा बराच भाग पाण्याखाली गेला आणि घरचा सामना पुण्यात, बालेवाडीला खेळवावा लागला. घर नसलेल्या या संघाने १२ डिसेंबरला ३-० असा विजय मिळवला. गोल करणारा पेलिसारी ब्राझीलचा, मेंडोझा कोलंबियाचा, तर जेजे मिझोरामचा; चेन्नईचा त्यांत कोणीच नव्हता! पुढे कोलकात्यात संघ २-१ असा हरला, तरी बेरीज ४-२ झाली. २० डिसेंबरला फातोर्ड्याला गोव्याच्या संघास ३-२ असे नमवून त्याने विजेतेपद पटकावले.