मनाचा आवर आणि मेंदूचे पांढरे तंतू

'चिमणी उड' खेळलाच नाही असा मराठी माणूस विरळा. जमिनीवर बोट टेकायचं. 'कावळा उड' म्हटलं की उचलायचं, 'म्हैस उड' म्हटलं की दाबून धरायचं. चार वर्षांचं पोर म्हशीलाही खुशाल उडवतं, नवव्या-दहाव्या वर्षी ते सहसा फसत नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जवळजवळ हाच खेळ संगणकाच्या पडद्यावर घेतात आणि तो जमण्याला 'बोधात्मक नियंत्रण' असं भारदस्त नाव देतात. सुटलेला हात मध्येच रोखायला निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद पुरतो.

हे नियंत्रण कुठे बसतं, असं विचारलं की बोट कपाळामागच्या अग्रखंडाकडे जातं. ते अर्धंच खरं. अग्रखंड शाबूत असून त्याचा निरोप पोहोचलाच नाही, तर तो असून नसल्यासारखा. ॲडम ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की उजव्या अग्रखंडाचा खालचा भाग, हालचालीची तयारी करणारा मध्यरेषेजवळचा पट्टा आणि मेंदूच्या तळाशी असलेलं सबथॅलॅमिक केंद्र ही तिन्ही पांढऱ्या तंतूंनी एकमेकांशी जोडलेली आहेत. हात रोखला जातो तो या त्रिकुटाच्या संगनमताने.

मोठ्या मेंदूचा जवळपास निम्मा भाग या पांढऱ्या तंतूंचा आहे. तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं. मायलिन हे नाव रुडॉल्फ फिर्शोने १८५४ मध्ये दिलं. वेष्टणात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि निरोप एका फटीतून दुसरीत उडी घेत जातो, मधली स्थानकं गाळणाऱ्या फास्ट लोकलसारखा. डेन्मार्कमधल्या एका मोजणीनुसार विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले असे तंतू एकापुढे एक ठेवले तर पावणेदोन लाख किलोमीटर भरतात. ऐंशीपर्यंत त्यातले ४५ टक्के कमी होतात. अग्रखंडाचे तंतू सर्वांत उशिरा, विशीनंतरही, मढवले जात असतात. सोळाव्या वर्षीच्या बेफिकिरीचं थोडं स्पष्टीकरण इथे मिळतं, थोडंच.

जिवंत मेंदूतले हे तंतू १९९४ नंतर दिसू लागले. पीटर बासर यांनी एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात ते मोजण्याची रीत आणली. तेव्हापासून तंतूंची शिस्त आणि आवर यांचा संबंध दाखवणारे निबंध ढिगाने निघाले. संबंध आहे, पण तो गटांच्या सरासरीत दिसतो. एखाद्याचं स्कॅन पाहून तो तापट की शांत हे सांगणारा भेटला, तर त्याला फी देऊ नये.

हा आवर रोज कामाला लागतो अशा ठिकाणी, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या बोईसरकडे, आता वळू. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतं आहे आणि शेजारच्या एमआयडीसीत रसायनं, औषधं, रंगद्रव्यं रात्रंदिवस बनतात. इथल्या पुष्कळ कामांत कौशल्य हात चालवण्याइतकंच हात रोखण्याचंही असतं: तापमान चढतंय, तर डोसिंग थांबव, दहा अलार्म वाजताहेत, तर खरा कोणता ते आधी बघ. अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अपघात २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारला सुरू झाला. चेर्नोबिल मध्यरात्रीनंतर दीड वाजण्याच्या आत झालं. दोन्हीकडे यंत्रांचेही दोष होते, पण माणसाचा आवर सर्वांत ढिला असतो तो याच प्रहरी.

हा झोपेचा प्रश्न आहे, आणि तो जागलेल्या एका रात्रीपुरता नाही. २०१३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मायलिन बनवणारी जनुकं झोपेत जागी होतात. फ्रान्समधल्या सुमारे ३,००० कामगारांच्या अभ्यासात (२०१५) दहा वर्षांहून अधिक काळ बदलत्या पाळ्यांत काम केलेल्यांची बुद्धी साडेसहा वर्षांनी जास्त वयाची निघाली. पाळ्या सुटल्यावर भरपाई व्हायला किमान पाच वर्षं लागली. सेकंड शिफ्ट करून लगेच फर्स्टला उभा राहणारा कंत्राटी कामगार चुकला की त्याला 'लक्ष नव्हतं' म्हणून मेमो देतात. मेमो रोस्टर लावणाऱ्यालाही द्यावा, असं माझं मत आहे.

कारखान्यातल्या रासायनिक द्रावकांची गोष्ट जास्त सावधपणे सांगायला हवी. टोल्युइन हा द्रावक वर्षानुवर्षं मुद्दाम हुंगणाऱ्यांच्या मेंदूत पांढरा भागच प्रामुख्याने खराब होतो, हे १९८० च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालं. रेल्वे फलाटावर चिंधीला सोल्युशन लावून हुंगणाऱ्या पोरांचा धोका हाच. कारखान्यातली मात्रा त्यापुढे फार कमी असते आणि तिच्या परिणामांवर स्कँडिनेव्हियातल्या रंगाऱ्यांवरच्या अभ्यासांपासून वाद चालू आहे. म्हणून एक्झॉस्ट बंद ठेवावा असं मात्र नाही.

तंतू सुधारतात का? काही अंशी, हो. कोलंबियात बंदूक खाली ठेवून प्रौढपणी लिहा-वाचायला शिकलेल्या माजी गनिमी लढवय्यांच्या मेंदूत दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यातला पांढरा भाग निरक्षर सोबत्यांपेक्षा अधिक भरला (२००९). इकडे पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. गाणी, खेळ, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे सगळं त्या मुलांना मिळालं ते तंतू घडण्याच्या वयात. त्यासाठी ताराबाई-अनुताईंना एमआरआय लागला नाही.

पण वेष्टण बनवणाऱ्या पेशींना लोह लागतं, आणि जव्हार-मोखाड्यात अडतं ते तिथेच. १९९२-९३ मध्ये तिथल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. भूक मारत नाही तिथेही खूण ठेवते. चिलीमध्ये लोह कमी असलेल्या तान्ह्यांच्या कानाकडून मेंदूकडे जाणारे संदेश मंद आढळले. कोस्टारिकात लहानपणी लोहाची तीव्र कमतरता असलेली मुलं, उपचारानंतरही, १९ व्या वर्षी नियंत्रणाच्या चाचण्यांत मागे पडली. त्यात गरिबीचा वाटा किती, हे वेगळं काढणं कठीण. पण लोहाचा वाटा नाकारता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली (२०१९-२१). त्याआधीच्या फेरीत ती ५३.८ टक्के होती. अशा मुलाला वर्गात 'चंचल' म्हणणं सोपं असतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप द्यायचं, असं सरकारी धोरण २०१३ पासून आहे. तुमच्या गावच्या अंगणवाडीत ती बाटली येते का आणि आलेली मुलांच्या पोटात जाते का, एवढं गावी गेल्यावर विचारून या.