पडद्यामागचा कारभारी

टर्मिनल बंद केलं की त्यातून सुरू केलेला प्रोग्रामही बहुधा बंद पडतो. वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरला हे कसं परवडावं? म्हणून बहुतेक लिनक्स यंत्रांवर असा प्रोग्राम ‘सिस्टिमडी’च्या हवाली करतात. २०१० साली आलेला हा कारभारी लिनक्सच्या गाभ्यानंतर, म्हणजे कर्नलनंतर, सर्वांत आधी जागा होतो; त्याचा प्रोसेस क्रमांक १. त्याला एक छोटी फाइल लिहून द्यायची: कोणता प्रोग्राम, कोणाच्या नावाने, कशानंतर चालवायचा. सगळं ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवण्याचा आळस मात्र नको; प्रोग्रामात भगदाड सापडलं तर अख्खं यंत्र परक्याच्या हाती जातं. फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ची ओळ असेल तर कोसळलेला प्रोग्राम सिस्टिमडी पुन्हा उठवतो. पण १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही पडलाच, तर (मर्यादा बदलली नसेल तर) नाद सोडतो. ‘स्टार्ट’ ही आज्ञा आत्तापुरती. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही प्रोग्राम चालायला हवा असेल, तर ‘इनेबल’ वेगळं द्यावं लागतं, आणि नवशिके नेमकं तेच विसरतात.