दोन लहान मुलं, एक कढई आणि चाळीस मिनिटं



मागच्या रविवारचा व्हिडिओ ज्यांनी शेवटपर्यंत बघितला, त्यांना मागून एक आवाज आला असेल. पाकिटावरच्या लेबलवर काय काय लिहायचं ते मी सांगत होते आणि तेवढ्यात आतून, "आईऽऽ, हिने शू केलीऽऽ!" एडिट करताना तो आवाज काढता आला असता, पण तेवढाही वेळ नव्हता, म्हणून तसाच राहिला. गंमत म्हणजे त्या व्हिडिओखाली लेबलबद्दल चारच प्रश्न आले. बाकी सगळ्या जणी एकच विचारत होत्या, ताई, एवढी लहान दोन मुलं सांभाळून तुम्ही हे करता कसं?

तर आज तेच सांगते. पण त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल, कारण मी जे काही शिकले ते तिथूनच शिकले.

आमचा मोठा आता साडेतीन वर्षांचा आहे, धाकटी सव्वा वर्षाची. आम्ही नाशिकला राहतो. नवरा एमआयडीसीत नोकरीला, पाळ्या दर आठवड्याला बदलतात. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. बाळाला मांडीवर घेऊन बसतील, गोष्टी सांगतील, पण पळणाऱ्या पोरामागे धावायला त्यांना सांगता येत नाही. माझा धंदा भाजणीचा. चकलीची आणि थालीपिठाची. बाकी मसाले, क्लास, हे चॅनेल वगैरे नंतर आलं.

ही गोष्ट मागच्या दिवाळीची. तेव्हा मोठा अडीच वर्षांचा होता आणि धाकटी पाच महिन्यांची. चकलीच्या भाजणीची बारा किलोची बॅच लावली होती. चार भाग तांदूळ, दोन भाग हरभरा डाळ, एक मूग, एक उडीद, वरून धणे-जिरे. सगळं धुऊन सुती कापडावर सावलीत वाळवून झालं होतं. आता ज्यांनी केलीय त्यांना माहीत आहे, भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, आणि हात थांबवायचा नाही. तांदूळ झाले, हरभरा डाळ झाली, मूग झाले. दुपारचे दीड वाजले होते, दोघंही झोपले होते. दोघं एकाच वेळी झोपणं म्हणजे आमच्याकडे सणच! मी उडदाची डाळ कढईत टाकली आणि पाच मिनिटांत धाकटी उठली. तिचा आवाज ऐकून मोठा उठला. त्याला पाणी हवं होतं, पण ते त्याच्या लाल पेल्यातच हवं होतं, आणि लाल पेला सापडत नव्हता. मी गॅस बारीक केला. बंद नाही केला, बारीक केला. "आलेच दोन मिनिटांत."

परत आले तेव्हा खालची डाळ तपकिरी झाली होती आणि स्वयंपाकघरात तो वास होता. करपलेल्या उडदाचा वास काही लपत नाही.

दीड किलो डाळ होती. किंमत फार तर १८० रुपये. पण ती फेकली असती तर नवीन डाळ धुऊन वाळवायला एक दिवस, परत भाजायला दोघांची झोप जुळायची वाट, आणि गिरणीवाले काका म्हणाले होते की उद्या संध्याकाळनंतर नंबर लागणार नाही. मी वरची बरी डाळ काढून घेतली, खालची काळी तेवढी टाकली, आणि बाकी मिसळून टाकली. मला कळत होतं. नाक काही खोटं बोलत नाही. तरी मी मिसळली.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. माझ्या पहिल्या चार-पाच गिऱ्हाइकांपैकी त्या एक. दर दिवाळीला चार किलो. भाऊबीजेनंतर रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चकल्या कुरकुरीत झाल्या हो, पण यंदा वास जरा वेगळा वाटला." मी म्हणाले, "उडीद नवीन ठिकाणाहून आणला होता." त्या हसल्या, पुढे काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी थालीपिठाची भाजणीसुद्धा कधी मागवली नाही.

दोन तास नावाची गोष्ट घरात नसते

चॅनेलवर माझा एक जुना व्हिडिओ आहे, मोठा पोटात असतानाचा. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलंय की घरातून धंदा करायचा तर रोज फक्त दोन तास काढा. तो व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. असू दे. पण आज सांगते, तीन वर्षांखालची दोन मुलं असलेल्या घरात दोन तास असे मिळत नाहीत.

दिवाळी संपल्यावर मी एक आठवडा वहीत लिहून काढलं. किती वाजता मोकळी झाले, किती वाजता कोणी हाक मारली. दिवसाची बेरीज केली तर वेळ खरंच अडीच-तीन तासांच्या आसपास निघाला! पण तुकड्यांत. दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं, परत दहा. सगळ्यात मोठा तुकडा चाळीस मिनिटांचा, तोही आठवड्यात चारदाच. आणि खरी गोम अशी की तुकडा कधी संपणार हे आधी कळत नाही. झोप वीस मिनिटांची निघेल की दीड तासाची, हे बाळालाही माहीत नसतं.

सकाळी साडेपाचला धाकटीचं दूध. सहाला मोठा उठणार आणि चड्डी "मी स्वतः" घालणार, म्हणजे एकाच पायात दोन्ही पाय. नवऱ्याची पहिली पाळी असेल तर डबा. मग धाकटीला तेल लावून आंघोळ, त्या वेळी मोठ्यालाही तेल लावून हवं असतं, कारण तिला लावलं. बहीण आल्यापासून तो पुन्हा गादी ओली करायला लागला होता, बाटलीतून दूध मागायला लागला होता. सगळे म्हणतात होतं असं, आणि होतंही, पण चादरी कोण धुणार? मग कुकर, बाळाचा मऊ भात, सांडलेला मऊ भात, फरशी. आणि या सगळ्याच्या मध्ये व्हॉट्सॲपवर कुणीतरी विचारतंय, "ताई, अर्धा किलो मिळेल का?"

ती वही मी नवऱ्याला दाखवली. त्याआधी आमच्यात एकदा वाजलं होतं, तो "घरीच तर असतेस" असं काहीतरी बोलून गेला होता. मी भांडले नाही, वही समोर ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेची पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा घरकामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. मुलं-म्हातारे सांभाळण्याचा वेळ त्यात नाही, तो वेगळा. नवऱ्याने वही चाळली आणि विचारलं, "भाजायला सलग किती वेळ लागतो?"

मी म्हणाले, "साडेतीन तास."

"मग ते माझ्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कर. सकाळी मी असतोच ना."

इतकी साधी गोष्ट! पण तोपर्यंत मी ऑर्डर आली की बॅच लावायची, घरात त्या दिवशी कोण आहे याचा विचारच करत नव्हते.

सोडता येणारं काम, न सोडता येणारं काम

आता मी क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच करायला लावते. तुमच्या धंद्यातलं प्रत्येक काम घ्या आणि विचारा, हे मध्येच टाकून उठले तर नुकसान होतं का? धान्य निवडणं, लेबल चिकटवणं, पाकिटं मोजणं, हिशेब, मेसेजला उत्तरं, ही सोडता येणारी कामं. दहा मिनिटांच्या तुकड्यातही होतात. भाजणं, तळणं, पाक करणं ही न सोडता येणारी. त्यांना दुसरा मोठा माणूस घरात जागा आणि मोकळा असल्याशिवाय हात लावायचा नाही. बाळ झोपलंय हे कारण चालत नाही.

पापडाचं बघा. लिज्जत १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून दहा वेळा ऐकली असेल. पण त्यातली एक बाब माझ्या लक्षात फार उशिरा आली. पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. लाटणं हे सोडता येणारं काम आहे. बाळ रडलं, पीठ झाकलं, उठलं, परत आलं. मला वाटतं, लहान मुलं असलेल्या घरातही ते काम टिकतं त्याचं एक कारण हे आहे. म्हणून तुम्ही प्रॉडक्ट निवडताना फक्त मागणी बघू नका. फराळ विकायचा आहे पण घरात रांगतं बाळ आहे, तर पहिली दोन वर्षं तळायच्या चकलीऐवजी भाजणी विकणं जास्त शहाणपणाचं.

बाळावरून आठवलं. पाकीट सील करायचं मशीन गरम असतं, ते माझ्या खांद्याच्या उंचीवरच्या फळीवर आहे. रबरबँड, स्टेपलरच्या पिना, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या, हे सगळं झाकणाच्या डब्यात. धाकटीच्या तोंडातून मी एकदा रबरबँड काढलाय, तेव्हापासून. आणि दुसरं, जरा स्पष्ट बोलते, ज्या हाताने शी धुतली त्याच कपड्यांत येऊन पीठ भरायला बसायचं नाही. हात साबणाने धुवा, गाऊन बदला, केस बांधा. घरातून केलं तरी खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, आणि नोंदणी नसती तरी हे करायलाच हवं.

काकूंचे पैसे

मोठा आता अंगणवाडीत जातो, तेवढाच आधार. पण नवरा नाईटला असला की सकाळी येऊन झोपतो, त्याला उठवणं बरं नाही. म्हणून शेजारच्या काकूंना विचारलं, आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास धाकटीला बघाल का. त्या लगेच हो म्हणाल्या. पैशांचं काढलं तर रागावल्या, "घरचीच पोर आहे गं." मी म्हटलं, "काकू, पैसे घेतले नाहीत तर मला तुम्हाला बरोबर दहाला या म्हणता येणार नाही." हे त्यांना पटलं. तासाला शंभर रुपये ठरले.

आता हिशेब. चकलीच्या भाजणीला मला किलोमागे धान्य ८५, गॅस ८, दळण १२, पाकीट-लेबल १५, म्हणजे १२० रुपये पडतात. विकते २६०ला. भाजल्यावर वजन थोडं घटतं ते इथे धरलेलं नाही. बारा किलोमागे १,६८० रुपये राहतात. काकूंचे एका बॅचला ४०० गेले की १,२८०. क्लासमध्ये हे सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, ताई, चारशे रुपये उगाच गेले. उगाच नाही गेले. आधी ते काम मी फुकट करत होते आणि वहीत नफा म्हणून लिहीत होते. १८० रुपयांची डाळ वाचवायला गेले आणि बाईंची दर दिवाळीची चार किलोची ऑर्डर घालवली. एकट्या त्या ऑर्डरमागे ५६० रुपये सुटायचे.

अजून एक. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू शकते. आपल्याला ती देणारं कोणी नाही. मी धाकटीच्या वेळी सव्वा महिना झाल्या झाल्या ऑर्डर घेतल्या, भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. आता दर बॅचमागे शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकते. मूल आजारी पडलं, लसीनंतर ताप आला, तर तो आठवडा बंद. डब्यातून घरखर्चाला घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला सरळ मेसेज करायचा की मुलगी आजारी आहे, पुढच्या गुरुवारी देते. आजवर एकानेही ऑर्डर रद्द केलेली नाही.

गणपती झाले, यंदाच्या दिवाळीची यादी सगळ्यांना पाठवली. बाईंनाही पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन दिवस वाट बघितली आणि मग फोन केला. धाकटी कडेवरच होती. म्हटलं, "बाई, मागच्या वर्षी उडीद नवीन ठिकाणचा नव्हता. करपला होता आणि मी तसाच मिसळला." पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. माझीही दोन पाठोपाठची होती." मी काही बोलायच्या आत धाकटीने फोन ओढला आणि बंद केला. परत लावला तेव्हा त्या म्हणाल्या, अर्धा किलो दे, आधी बघते.